माणशी पन्नास गोळ्या

निपाणीहून मुलासुनेबरोबर बंगळूरजवळ देवनहळ्ळीला आलेल्या कस्तुराबाईंना घरी बसून करमेना. जवळच गिरीराज नावाच्या माणसाचं पेंटबॉलचं मैदान होतं. तिथं त्या खेळाडूंचे कपडे धुवायच्या कामाला लागल्या. पहिल्याच दिवशी मुखवटे घातलेली पोरं बंदुकीनं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडताना बघून त्या म्हणाल्या, "पैसे देऊन मार खात्यात व्हय ही?"

पण महिनाभरात त्यांना गोडी लागली. गोळी अंगावर फुटली तर खेळाडू बाद, न फुटता उसळली तर खेळ चालू. कपडे वाळत घालता घालता त्या मनातल्या मनात निकाल द्यायच्या.

तेव्हा चेन्नई, हैदराबादहून संघ यायचे, दोन-दोन दिवस स्पर्धा रंगायच्या. मग कोरोनात मैदानाला कुलूप लागलं आणि ते निघालं तेव्हा संघच उरले नव्हते. जुनी पोरं नोकरी-संसारात गुंतली होती, गोळ्या भलत्याच महागल्या होत्या. यायची ती कंपन्यांची मंडळी; तासभर धिंगाणा घालून, फोटो काढून जेवायला पळायची. गिरीराज स्वतः जुना खेळाडू. गेल्या वर्षी तो म्हणाला, "अक्का, ही शेवटची स्पर्धा. मग इथं बॉक्स क्रिकेट."

स्पर्धेला चारच संघ आले आणि पंच आलाच नाही.

"मी ऱ्हाते की उभी," कस्तुराबाई म्हणाल्या.

गिरीराजला हसू आलं, पण दुसरं होतं कोण? पदर खोचून, मुखवटा चढवून, शिट्टी घेऊन त्या मैदानात उतरल्या.

अंतिम सामन्यात बेळ्ळंदूरच्या संघाचा कप्तान दयानंद आडोशामागून धावत निघाला आणि कस्तुराबाईंची शिट्टी वाजली.

"भाईर हो, बाळा."

"मला कुठे लागलंय, आंटी? हा घाम आहे!"

"आठ वर्सं हीच कापडं धुत्येय. घाम कुठला नि पुसलेला रंग कुठला, मला शिकवतोस? बाही दाव."

बाहीवर पिवळाधमक रंग! मैदान खदखदून हसलं. दयानंद कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि हात वर करून बाहेर गेला. त्याचा संघ हरला, तरी सामना संपल्यावर तो आपणहून त्यांच्यापाशी आला. "चुकलं, अक्का. पुढची स्पर्धा कधी?"

गिरीराजच्या आधी कस्तुराबाईच बोलल्या, "अण्णा, ही पोरं पोतंभर गोळ्या उडवत्यात. निम्म्या झाडांना लागत्यात. माणशी पन्नासच द्या, मग बघा कशी नेम धरत्यात."

गिरीराजनं विचार केला, बघू तरी. तिघातिघांचे संघ, माणशी पन्नास गोळ्या, रविवारची सकाळ. पहिल्या रविवारी दयानंदनंच दोन संघ आणले. गोळ्या मोजक्या म्हटल्यावर पोरं रांगायला लागली, खुणा करायला लागली, दबा धरायला लागली. खर्च निम्म्यावर आला आणि खेळाला धार चढली.

आज नऊ संघ आहेत. मोठी बक्षिसं, बाहेरगावचे संघ परत येतील का, कुणास ठाऊक. अर्ध्या मैदानावर बॉक्स क्रिकेट आलंच. "स्वल्प का होईना, चाललंय," गिरीराज म्हणतो.

नवव्या संघात कस्तुराबाईंची सून सोनम आहे. परवा सासूनं तिला पहिल्याच मिनिटाला बाद दिलं.

"आत्या, गोळी फुटलीच नव्हती!"

"फुटली. मी बघितलं."

पाठीवर रंगाचा डाग घेऊन सोनम पाय आपटत बाहेर गेली. कस्तुराबाईंनी हसू मुखवट्याआड दाबलं आणि खेळ पुढे चालू केला.