चहा न घेणाऱ्या मुली

सोलापूर स्टेशनवर उतरण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं, की या मुली काहीतरी बनाव करत असणार. नाशिकहून एवढ्या लांब आलो तेच मुळी त्यासाठी. भाचीने मला एक व्हिडिओ पाठवला होता. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या देशोदेशींच्या तरुणांची ऑनलाइन सभा होती ती. नेपाळची एक मुलगी बोलली, केनियाचा एक मुलगा बोलला आणि मग सोलापूरची भाग्यश्री. "आम्ही घरी जातो, बसतो, आणि मुलगी शाळेत परत येते," एवढंच ती म्हणाली. लगेच टाळ्या. आता माझा जन्म गेला मास्तरकीत, शेवटची वर्षं मुख्याध्यापकीत. नुसतं बसल्याने मुलगी शाळेत येते, हे मला कुणी शिकवू नये. मी भाग्यश्रीचा नंबर मिळवला आणि म्हणालो, मला दाखवा.

ती स्टेशनबाहेर उभी होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, उन्हाने रापलेली. सोबत तिची मैत्रीण तबस्सुम, हातात मोबाइल. झालं, शूटिंगची तयारी आहे म्हणायची, असं माझ्या मनात आलं. भाग्यश्रीने डबा उघडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. "पोटभर खाऊन घ्या सर. तिथं गेल्यावर काही खायचं-प्यायचं न्हाय." चटणी फर्मास होती, पण ते वाक्य मला खटकलं. गरिबाघरी जायचं आणि पाण्यालाही शिवायचं नाही, ही कसली समाजसेवा?

वळसंगकडे जाणाऱ्या वडापमध्ये (भरली की सुटणाऱ्या जीपमध्ये) आम्ही कोंबून बसलो. दोन्ही बाजूंना काळं, भेगाळलेलं रान, मधूनच एखादं लिंबाचं झाड. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी येऊन बसली आणि मला चोच मारून गेली. त्या गडबडीत भाग्यश्री मला सगळं समजावत होती. फाट्याच्या आतल्या वस्तीवर महानंदा नावाची मुलगी होती. दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला अकरावीत जायचं होतं, पण शाळा सोडल्याचा दाखला वडिलांनी, बसवराजअप्पांनी, ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता. स्थळं येऊ लागली होती. कॉलेजात मूळ दाखला जमा करायचा तो शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत.

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"चहा घेणार न्हाय," ती म्हणाली. "आमच्याकडं पाव्हणा चहाबिगर उठला तर घराला लई लागतं, सर. आमी भांडत न्हाय. बसतो. दाखला दिला की चहा घेतो."

मी हसू दाबलं. मुलीचं आयुष्य एका कपावर अडणार होतं म्हणे! परदेशातल्या मंडळींना सांगायला गोष्ट छान होती, एवढंच.

वस्तीवर बसवराजअप्पा स्वतः पुढे आले. "बर्री सर, बर्री" (या, या), असं म्हणत त्यांनी घोंगडी अंथरली. माणूस दांडगा, पण बोलणं मऊ. मला तर तेही मऊपण संशयास्पद वाटलं. महानंदा दारामागून बघत होती. मी तिला विचारलं, "काय शिकायचंय?" ती चटकन म्हणाली, "नर्सिंग." एवढं चटकन, की पढवून ठेवलंय असं मला वाटलं.

चहा आला. भाग्यश्रीने कप बघितला आणि हात जोडले. "काका, दाखला द्या. मग घेतो की."

"पैले दाखला देओ, काका," तबस्सुम तिच्या दखनी वळणात म्हणाली. मोबाइल तिने पिशवीत टाकून ठेवला होता.

अप्पांचा चेहरा पडला. "असं करू नका पोरींनो. माझ्या दारातनं पाव्हणा चहाबिगर गेला तर गाव तोंडात शेण घालंल."

चहावर साय धरली. दोन वेळा नवा चहा झाला, दोन वेळा तो तसाच आत गेला. अप्पा उठले, ट्रंकेपाशी गेले, कमरेची किल्ली चाचपली, परत आले. आणि मला मात्र तो सगळा खेळ माझ्यासाठीच मांडलाय असं वाटत होतं. माझ्या वयाच्या माणसाला त्याच्याच अंगणात असं अवघडून बसवायचं? मला त्याची कीव आली. तहानही लागली होती, ते नाकारत नाही. पुन्हा ट्रे आला तेव्हा मी कप उचलला आणि घोट घेतला.

अप्पांनी मोठा श्वास सोडला. "बघा! थोर माणसानं मान राखला घराचा." किल्ली कमरेला घट्ट खोचून ते बैल घेऊन रानाकडे निघून गेले. दारामागे महानंदा खाली बसली आणि तिने ओढणीआड नव्हे, उघड्यावर, आवाज करून रडायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं, की इथे पढवलेलं काहीच नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय," भाग्यश्री म्हणाली. रागावली नाही, समजूतही घातली नाही. "तुमी जावा सर, तुमची गाडी चुकंल. आमी हितंच बसतो."

मी रानात जाऊन अप्पांशी बोलून पाहिलं. त्यांनी मला टोपीभर जांभळं दिली असती, गाडीत बसवून सोलापूरला सोडलं असतं, पण दाखल्याचं नाव काढताच ते बैलांशी बोलू लागायचे. घेतलेला चहा परत देता येत नाही. मी वडाप पकडली, मग रेल्वे.

कुर्डुवाडीला गाडी थांबली होती तेव्हा भाग्यश्रीचा फोन आला. "दाखला मिळाला, सर. काका रानातनं आले तरी आमी तशाच बसलेल्या. घोटभर पाणीबी न्हाय. त्यांनीच ट्रंक उघडली." मागून हसण्याचा आवाज येत होता. "पण सहा वाजून गेले. मुदत संपली. तुमी मुख्याध्यापक होता न्हवं? उशिरा आलेल्या दाखल्यावर प्रवेश मिळतो का? कुणाला अर्ज करायचा?"

मिळू शकतो. मुख्याध्यापकाने किंवा प्राचार्याने मनात आणलं तर मिळतो. मी तिला अर्जाचा मजकूर सांगितला, तिने तो फोनवरच उतरून घेतला. उद्या सकाळी त्या दोघी महानंदाला घेऊन कॉलेजच्या दारात उभ्या राहणार होत्या.

फोन ठेवल्यावर मी खिडकीशी बसून राहिलो. असे उशिरा आलेले दाखले मी स्वतः किती वेळा परत केले होते! 'मुदत संपली' असं सांगून, समोर कोण उभं आहे ते न बघता. त्यातल्या एका तरी मुलीचं नाव आठवतंय का, ते मी बघू लागलो. नाशिक येईपर्यंत एकही आठवलं नाही.