मिथेनचा बांध

द्वारका मॅडमना राग येतो पटकन आणि उतरतोही पटकन. कर्जतच्या त्या, घरात सगळे शिक्षकच. कशेळ्याच्या अलीकडे एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता केस पांढरे झाले. सेंद्रिय रसायनशास्त्राचा धडा निघाला की पोरं माना खाली घालणार, हे ठरलेलं.

यंदा मॅडमनी सोपं करून सांगायचं मनावर घेतलं. "कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन चारच. त्याला हवेत आठ. मग चार हायड्रोजनांकडून एकेक उसना घेतो. झाला मिथेन!" स्वतःवरच खूश झाल्या बाई.

चाचणीत सुप्रियानं लिहिलं, 'नंतर कार्बन इलेक्ट्रॉन परत करतो आणि मिथेन मोडतो.' मॅडमनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरगी गायब. आर्ट्सला जाते म्हणे! नर्स व्हायची स्वप्नं बघणारी ही मुलगी, आणि सायन्स सोडलं तर बीएस्सी नर्सिंगचं दार बंदच. शनिवारी जीप पकडून त्या तिच्या गावात हजर.

भात कापून झालेल्या खाचरात सुप्रिया वडलांबरोबर, आबाजींबरोबर, वालाच्या शेंगा तोडत होती.

"असं का गं लिहिलंस?"

"मॅडम, उसनं कोन ठेवून घेतं का? साखर आनली तरी आई दुसऱ्या दिशी वाटी भरून देते."

चूक पोरीची नव्हतीच, उसना शब्द मॅडमचाच. मटकन बांधावर बसल्या.

"जपून वो मॅडम," आबाजी ओरडले, "बांध ढासळंल. निम्मा त्या शेजारच्या धाऊचा हाय."

"निम्मा?"

"घालताना इतभर जागा मी दिली, इतभर त्यानं. आता बांध दोगांचा. परत कोन मागतो? कोनी आपल्या बाजूनं कोरायचा नाय."

मॅडम ताडकन उठल्या. "अगं सुप्रिया, हेच! उसनं नाहीच ते! एक इलेक्ट्रॉन कार्बनचा, एक हायड्रोजनचा. जोडी दोघांची, दोघांनीही आपली म्हणून मोजायची. कार्बन म्हणजे हे खाचर. चार बाजूंना चार बांध, चार शेजारी!"

सुप्रिया उभी राहून लांबवर पसरलेली खाचरं बघू लागली.

"मंग शेजारी बी कार्बनच असला तर?"

"तर खाचराला लागून खाचर, अशी लांबच लांब साखळी."

"आनि दोगांत दोन बांध घातले तर?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुहेरी बंध तर त्यांनी अजून शिकवलाच नव्हता. "ते सोमवारी. आणि चूक माझी होती, हेही सोमवारी वर्गात सांगणार आहे."

आबाजींनी शेंगांची पाटी उचलली. "मंग आर्ट्सचं काय गं?"

"थांबा ना आबा," सुप्रिया म्हणाली, "आदी दोन बांधांचं कळू दे."