टीव्हीवरचा अष्टमीचा चंद्र

गणपती तळ्यात शिरवले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि माझी मोठी मुलगी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. ती म्हणाली, "आई, आज पौर्णिमा आहे न? मग चंद्र काहून नाही निघाला?"

चंद्र समोरच होता. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर, परातीएवढा.

"तुझ्या नाकासमोर आहे वं," मी म्हटलं.

तिनं मान वाकडी केली आणि म्हणाली, "उजेड आहे. चंद्र नाही."

मी कपडे घेऊन खाली आले.

ती बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत कापड तपासायला होती. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं. तुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की ती खूण करायची. लग्न केलं नाही, उभं आयुष्य तेच केलं. मग तिच्या हातून डाग सुटायला लागले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. कडेचं दिसेल, समोरचं जाईल. औषध विचारलं तर म्हणाले, आहे ते जपा. कसं जपायचं ते सांगितलं नाही. डोळे काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला?

तेव्हापासून ती ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे तोंड करत नाही. सरळ पाहिलं की ते माणूस डोळ्यातल्या काळ्या डागात जातं. म्हणून मान बाजूला करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. लोकांना वाटतं, हिला गर्व झाला.

टाकीवरच्या चंद्रानंतर आठ दिवसांनी तिनं मागवलेलं खोकं घरी आलं. त्यात नवशिक्यांची दुर्बीण, तीन पायांचा लटपटता स्टँड आणि मोबाइल अडकवायची प्लास्टिकची पकड. मी चिडले.

"डोळ्यानं दिसत नाही अन् दुर्बीण कायले पाह्यजे तुले?"

"मी नाही पाहणार त्यातून. फोटो काढायचा. चंद्र लहान आहे, पूर्णच्या पूर्ण डागात जाते. टीव्हीवर मोठा केला तर डागाच्या बाहेर येईन. दिसते तोवर एकदा पाहून घेऊ दे."

मीच म्हटलं, मग कोजागिरीला काढू. वर्षाचा सगळ्यात मोठा चंद्र तो. तिलाही पटलं.

कोजागिरीला आमच्याकडे घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळतात. ती पन्नाशीची झाली तरी मी ओवाळते. प्रताप नगरात आमच्या बिल्डिंगची सगळी माणसं त्या दिवशी गच्चीवर असतात. दूध आटवून ठेवलं होतं. मी ताट घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि तिनं मान फिरवली. मला बघायला फिरवली, हे मला माहीत. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "अवं, आईकडे पाह्य न! ओवाळून राहिली ती तुले."

"पाहूनच राहिली मी," मुलगी म्हणाली.

मी दिवा फिरवला. कोणाकोणाला समजावत बसायचं?

मग दुर्बीण लावली. आता दोघींचं काय झालं ते सांगते. मोबाइलच्या काचेवर बोट टेकवल्याशिवाय फोटो निघत नाही आणि माझं बोट त्याला कळतच नाही. जन्मभर भांडी घासून, राख, साबण लावून बोटं गुळगुळीत झाली आहेत. दहा वेळा टेकवलं तर एकदा लागतं. तिचं बोट लागतं, पण तिला चंद्र कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून बघायचं मी आणि बोट लावायचं तिनं.

"डावीकडे," मी सांगायची. ती नळी डावीकडे न्यायची, तर चंद्र उलट्याच बाजूला पळायचा. सापडला की एका मिनिटात आपोआप सरकून बाहेर. बोट लावलं की स्टँड डुलायचा.

"काय मायलेकी नळाले पाणी आलं का ते पाहून राहिल्या?" शेजारीण म्हणाली. "दुधात पाह्य न चंद्र, फुकटात दिसते."

"तुमच्या दुधात पाणीच दिसते," मी म्हटलं. लोक हसले. दूध तिचंच होतं.

एक फोटो निघाला. पांढरा गोळा. ना डाग, ना खड्डा, ट्यूबलाइट चावून थुंकल्यासारखा. टीव्हीवर मोठा केला तर मोठा पांढरा गोळा झाला. मुलगी बराच वेळ मान इकडून तिकडे करत राहिली. तिला वाटलं, डाग वाढला म्हणून काही दिसत नाही. मी म्हटलं, "मलेही काहीच नाही दिसून राहिलं. फोटोच खराब आहे." तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे.

पुढे तिनं मोबाइलवर कोणाचं तरी ऐकलं. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावली नसते, म्हणून खड्डे दिसत नाहीत. अर्धा चंद्र घ्यावा. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मले कळायला पाह्यजे होतं. कंपनीतही दिवा तिरपा केला की गाठ दिसे."

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या आधीची अष्टमी आली. दिवेलागणीलाच अर्धा चंद्र डोक्यावर होता. गच्चीवर आम्ही दोघीच. या वेळी स्टँडच्या मधोमध विटांची पिशवी टांगली. इअरफोनचं बटण दाबलं की फोटो निघतो, हेही तिनं ऐकून ठेवलं होतं. काचेवर चंद्राच्या जागी बोट ठेवून खाली ओढलं की उजेड कमी होतो, ते तिचं काम. जागा दाखवायचं माझं.

"खाली. अजून खाली. थांब. आता ओढ."

उजेड उतरला आणि मला खड्डे दिसले. तव्यावरच्या भाकरीला फोड यावेत तसे, फुटून बसलेले. चौथीपर्यंतच्या शाळेत मला हे कोणी दाखवलं नव्हतं. मी काचेवर वाकून बघत राहिले.

"काय झालं? गेला का?"

"दाब बटण," मी म्हटलं.

फोटो टीव्हीवर लावला. ती टीव्हीला चिकटून उभी राहिली, तोंड भिंतीकडे. इंचाइंचानं मान फिरवत गेली. कापड तपासल्यासारखी वरून खाली. मग तळाशी बोट टेकवलं.

"इथं मोठा खड्डा आहे. त्यात बारके बारके खड्डे आहेत. आहेत न?"

मी चष्मा लावून पाहिलं. होते. मला आधी दिसले नव्हते.

"आहेत," मी म्हटलं. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

मला वाटलं, झालं एकदाचं. पाहायचा होता, पाहिला. पण ती रोज संध्याकाळी म्हणायला लागली, "आई, चंद्र लाव न वं." टीव्हीचा रिमोट मला जमतो. मी लावायची. ती जाऊन खड्डा शोधायची आणि बोट टेकवायची.

महिनाभर बोट बरोबर पडलं. मग बारके खड्डे दिसेनात. संक्रांतीच्या सुमाराला मोठाही पटकन सापडेना. आकाशातला चंद्र बरा. तो रोज बदलतो. ढग आहे, धूर आहे, काहीही म्हणता येतं. हा टीव्हीवरचा तसाच्या तसा राहतो. आज दिसला नाही तर चंद्राला बोल लावता येत नाही.

एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिचा मोबाइल उचलला. म्हटलं, फोटोच पुसून टाकते. कुठे दाबायचं ते मी पाहून ठेवलं होतं. बोट टेकवलं. पदराला पुसून टेकवलं, थुंकी लावून टेकवलं. नाही लागलं. मोबाइल होता तिथे ठेवला आणि वरणाला फोडणी दिली.

काल तिनं टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं ते खड्ड्याच्या चार बोटं वर.

"इथंच आहे न?"

मी खोटं बोलले असते, तर तिला आवाजावरून कळलं असतं.

"खाली," मी म्हटलं. "अजून खाली."