मी गोळा पाचवर नेला तेव्हा

माझ्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या वहिनीला, सीओपीडी आहे. फुप्फुसात हवा जाते, पण नीट बाहेर पडत नाही. तिने जन्मात बिडीला हात लावलेला नाही. आसगावात चुलीपुढे चाळीस वर्षं बसली आणि दर हंगामात अंगणात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धान उकडलं, तेवढं पुरलं. तरी प्रत्येक नवा डॉक्टर आधी विचारतो, "बिडी? तंबाखू?" ती म्हणते, "घरीच एवढा धूर होता बाप्पा, बिडी कायले पाहिजे?"

या प्रश्नावर मला अजूनही संताप येतो. संताप येणं हेच माझं काम आहे. मी एका संघटनेत आहे आणि पत्रकं लिहिते. मला साधी चिठ्ठी लिहायला सांगितली तरी खाली तीन मागण्या येतात.

मागच्या हिवाळ्यात मोठ्या आईचा दम फारच वाढला. एक वाक्य बोलायला तिला चार श्वास लागू लागले, तशी मी तिला भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात घेऊन आले. वॉर्डात एकच सिस्टर होती. पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला. तिने मोठ्या आईला उशा लावून ताठ बसवलं, वाफ दिली, नाकात ऑक्सिजनची नळी लावली आणि ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणारा, भिंतीवरच्या काचेच्या नळीतला छोटा गोळा दोनच्या रेघेवर आणून ठेवला. बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा आला एकोणनव्वद.

"सिस्टर, एकोणनव्वदच आहे!"

"हो. छान आहे."

छान! कोरोनाच्या दिवसांत मीच पत्रकात लिहिलं होतं की पंच्याण्णवच्या खालचा एकही आकडा खपवून घेतला जाणार नाही. 'खपवून' हा शब्द जाड टायपात घेतला होता. माझं वैद्यकीय शिक्षण तिथून सुरू होऊन तिथेच संपलेलं.

"पूर्ण ऑक्सिजन मिळणं हा पेशंटचा हक्क आहे," मी म्हणाले.

"ताई, ह्या आजारात जास्त दिला तर उलटं होते. थांबा, सांगते तुम्हाला," असं ती म्हणत होती, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मी थांबले नाही. असल्या सबबी मी सरकारी टेबलांसमोर पुष्कळ ऐकल्या होत्या. ऑक्सिजन वाचवून राहिले, दुसरं काय! मी हात वर केला आणि चावी फिरवली. गोळा टुणकन पाचवर गेला. थोड्या वेळात आकडा शहाण्णव झाला. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढला. आजवर माझ्या एकाही आंदोलनाला इतक्या लवकर यश आलं नव्हतं.

मग वही काढून मी तक्रार लिहायला बसले. 'श्वास आमच्या हक्काचा!' असं शीर्षक दिलं. तोवर मोठी आई धापा टाकत मला बोलतच होती, "तुही वही... पाहून... मले अजून... धाप लागते वं." दुसऱ्या परिच्छेदापाशी ती गप्प झाली. मला बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवरच्या बुढीला मात्र बरं वाटलं नाही. "पोरी, तुही मोठी आई बोलून नाई राहिली वं."

"आराम पडला आजी. झोपू द्या तिला."

मोठी आई झोपेतही कोणाला तरी रागावत असते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण मागण्या अजून लिहायच्या राहिल्या होत्या.

सिस्टर परत आली. तिने आधी आकडा पाहिला नाही, मोठ्या आईचा चेहरा पाहिला. "आजी! ओ आजी! डोळे उघडा!" खांदा हलवला. मोठ्या आईच्या तोंडून नुसतं "हं" आलं आणि मान पुन्हा कलली. मग सिस्टरने वर पाहिलं.

"गोळा कोणी वाढवला?"

तहसीलच्या फाटकावर माईकशिवाय गरजणारी मी वही मिटायला लागले. बुढीच म्हणाली, "ह्या पोरीनं. म्या पाहलं."

सिस्टरने ऑक्सिजन कमी केला आणि डॉक्टरांना बोलावलं. मनगटातून रक्त घेतलं, तोंडावर पट्ट्यांचा मास्क बांधून श्वासाला मदत करणारं मशीन लावलं. हे सगळं करता करताच तिने राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, "खराब हवा आत साठत जाते. पेशंट गुंगतो. आकडा सुंदर दिसतो आणि पेशंट हातचा जातो." ती ओरडली असती तर मी भांडले असते. भांडणं मला जमतं. ती ओरडली नाही.

"रडायचं असेल तर बाहेर जा," ती म्हणाली. ताईवरून मी 'तू' वर आले होते. "बसायचं असेल तर श्वास मोज. छाती वर आली की एक. मिनिटभर मोजून लिही. आणि हाका मारत राहा, ओ देते का बघ."

हक्काच्या शीर्षकाखाली मी आकडे लिहायला लागले. चौतीस. बत्तीस. पुन्हा चौतीस. मध्येमध्ये विचारत होते, "मोठी आई, मी कोण?" अधिकाऱ्यांना मी एका दमात वीस प्रश्न विचारलेत आणि एकाचंही उत्तर आलं नाही तरी जेवले आहे. त्या दुपारी मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ते आलं नसतं तर ते कोणामुळे आलं नाही हे शोधायला चौकशी समितीही लागली नसती.

श्वासांचा आकडा सव्वीसवर आला तेव्हा तिने डोळे उघडले. मास्कच्या आत काहीतरी पुटपुटली. मी कान लावला.

"वरडून कायले राहिली? बहिरी नाई मी."

दोन दिवसांनी मास्क निघाला होता. गोळा दोनवर होता आणि मी त्याच्याकडे हात मागे बांधूनच पाहत असे. थोड्या वेळासाठी नळी काढून सिस्टर मोठ्या आईला संडासापर्यंत चालायला शिकवत होती. "नाकानं घ्या. आता गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळू सोडा. घाई नाही." तिला धरून चालायचं काम मला दिलं. मी माफी तयार करूनच आले होते, मुद्देनिहाय.

"मोठी आई, त्या दिवशी जे झालं..."

तिने तळहात वर केला. रागाने नाही. ती श्वास सोडत होती. चार पावलं. थांबली. फुंकलं. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तळहात. एवढं अंतर न बोलता मी कधी चालले नव्हते. दाराशी पोचल्यावर ती म्हणाली, "हं, आता सांग."

मुद्दे आठवेनात. "गोळा मी वर केला होता."

"माहीत आहे. त्या बुढीनं सांगतलं."

"मग?"

तिने ओठ गोल केले. श्वास पूर्ण सुटेपर्यंत मला थांबावं लागलं.

"मग काय? दार उघड."