शिट्टी होईपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी दातांच्या कवळ्या बनवतात. बाजारात दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांचं काम चालतं. कोपऱ्यात प्लास्टरचं पोतं, टेबलावर गॅसची छोटी शेगडी, तिच्यावर मेण वितळवायचं भांडं, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे साचे. सगळे आ वासून बसलेले. नवीन माणूस आत गेला की दोन पावलं मागे सरतो. वहिनींना त्याचं काही वाटत नाही. "जिवंत माणसांचीच तोंडं आहेत," त्या म्हणतात. "फक्त बडबड करत नाहीत. अजून काय पाहिजे?"

त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते. कॉलनीतली पोरं त्यांना शिट्टीकाका म्हणायची. आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालणारा हा माणूस रविवारी सकाळी कॉलनीभरची पोरं गोळा करायचा आणि मागच्या रानात घेऊन जायचा. रान म्हणजे काय, तर पाणीपुरवठ्याचं जुनं पंपघर बंद पडलं आणि कुंपणाच्या आत माणसांचं येणंजाणं थांबलं, तेव्हा जे आपोआप माजलं ते. काकांनी खात्याच्या साहेबांमागे लागून परवानगी मिळवली होती. पोरं तिथे दगड उलटून खालचं जग बघायची आणि दगड होता तसाच परत ठेवायची. डोळे मिटून पानांचा वास घ्यायची. प्रत्येकाचं एकेक झाड ठरलेलं होतं. माझी मुलगीही जायची. चष्मा लागल्यापासून तिला सगळे ढापणी म्हणतात, आता आम्हीही म्हणतो.

काकांचा पुढचा एक दात डेपोत पाना निसटून पडला होता. वहिनींनी त्यांना झकास दात करून दिला. रंग असा जुळवला होता, की खुद्द डॉक्टरला ओळखता आला नसता. काका तो सोमवार ते शनिवार इमानाने लावायचे. रविवारी मात्र दात ओट्यावरच्या वाटीत पडून असायचा.

"मी केलेला दात घालायची लाज वाटते का हो?" वहिनींचा आवाज खाली आमच्यापर्यंत यायचा.

"लाज कसली? शिट्टी जाते त्यानं."

ते खरं होतं. दोन आखूड आणि एक लांब, आणि ती लांब शिट्टी शेवटी फटीतून घसरून पुन्हा वर चढायची. कॉलनीतल्या कार्ट्यांनी किती खटपट केली, पण कुणाला जमली नाही. गल्लीच्या तोंडाशी आले की काका तीच शिट्टी वहिनींनाही घालायचे. वहिनी वरून "आले, आले" म्हणून ओरडायच्या आणि मग जिन्यातून उतरताना, मी काय कुत्रं आहे का, म्हणून भांडायच्या.

रानातला पोरांचा आवडता खेळ होता गप्प बसण्याचा. ज्यानं त्यानं आपापल्या झाडाखाली बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. शिट्टी झाली की उठायचं आणि काय काय ऐकलं ते सांगायचं. शिट्टी होईपर्यंत काहीही झालं तरी उठायचं नाही, हा एकच नियम.

एका रविवारी काकांनी पोरांना असंच बसवलं, आपणही एका झाडाला टेकून बसले, आणि बसल्याजागी गेले.

पोरांना कळलं नाही. काका आज आपली परीक्षा घेताहेत, असं त्यांना वाटलं. ऊन सरकून अंगावर आलं, डास चावले, कुणाच्या पायाला मुंग्या आल्या. सगळ्यात लहान पोरीची चड्डी ओली झाली, पण तीही उठली नाही. काका त्यांच्यासमोरच टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. पोरांनी नियम पाळला. शेवटी ती लहानी रडायला लागली, तिचं रडणं ऐकून वॉचमन आत आला, आणि मग पळापळ झाली.

आमची ढापणी काकांच्या सगळ्यात जवळ बसली होती. बाकीची पोरं ओरडत पळाली. ही उठली नाही. तिला उचलून आणावं लागलं.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, क्षणात कारभार आटोपला, कुणी लगेच धावलं असतं तरी उपयोग नव्हता. डॉक्टर असं म्हणतातच. खरंखोटं कुणी पाहिलंय?

वहिनी आठवडाभरात कामावर गेल्या. "लोक बिनदातांचे बसलेत," म्हणाल्या. पण वाटीतला दात त्यांनी हलवला नाही. ढापणीही शाळेत जायला लागली. बाहेरून सगळं ठीक होतं. मात्र घरात ती एखाद्या ठिकाणी बसली की बसूनच राहायची. ताटावर बसली की घास हातात तसाच. "जेव ना गं," म्हटलं की "हो" म्हणायची आणि जेवायची. "ऊठ," म्हटलं की उठायची. कुणी सांगितलं नाही तर नाही. एकदा जिन्यात वहिनी समोरून आल्या तेव्हा तिनं त्यांचा पदर धरला आणि म्हणाली, "काकू, शिट्टी झालीच नाही."

वहिनींनी पदर सोडवून घेतला आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

नंतर काही महिन्यांनी शिट्टी ऐकू यायला लागली.

आधी वॉचमनला आली, पण त्याचं कोण मनावर घेतो? मग कुंपणाच्या कडेनं सकाळी फिरायला जाणाऱ्या दोघी बायका पांढऱ्याफटक पडून परत आल्या. दोन आखूड, एक लांब, शेवटी घसरून वर चढलेली. आठवडाभरात कॉलनीत एकच विषय झाला. काका पोरांना बोलावताहेत. लोकांनी पोरांचं मागच्या अंगणात जाणं बंद केलं. मी शिकलासवरलेला माणूस, पण खोटं कशाला बोलू, मीही ढापणीच्या खोलीची रानाकडची खिडकी खिळा मारून बंद केली.

कॉलनीची सभा बसली. रानाच्या फाटकाला कायमचं कुलूप लावा, रविवारचं ते खूळ पुन्हा सुरू होऊ देऊ नका, आणि खात्याला सांगून झाडं साफ करून घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला, असं ठरत आलं होतं. वहिनी कधी सभेला येत नाहीत. त्या दिवशी आल्या. हाताला कामाचं प्लास्टर तसंच लागलेलं होतं.

"त्यांनी आजवर कुणाच्या पोराला काटा लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. "आता कशाला बोलावतील? आधी मी जाऊन बघते. मग काय कापायचं ते कापा."

बाई एकटी जाणार म्हटल्यावर मला लाज वाटली, म्हणून मीही निघालो.

सकाळी कामावर जायच्या आधी आम्ही फाटकातून आत गेलो. वहिनी त्याआधी तिथे कधी आल्याच नव्हत्या. कामावरच्या चपला ओल्या पानांवर घसरत होत्या. पंपघराच्या भिंतीतून मुळं फुटली होती, आतून गंजाचा वास येत होता. काका ज्या झाडाला टेकून गेले ते मी दाखवलं. आम्ही तिथे उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मी परत फिरायचं म्हणणार, तेवढ्यात डोक्यावरून शिट्टी आली.

आवाज तसाच नव्हता, तोच होता. आणि शेजारी वहिनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, बोलून गेल्या, "आले, आले."

त्यांनी लगेच तोंडावर हात दाबला. शिट्टी पुन्हा झाली, या वेळी दुसऱ्या फांदीवरून. मग तिथूनच ससाण्याची किंकाळी आली, मग आमच्या कॉलनीच्या फाटकाचं कुरकुरणं, आणि पुन्हा शिट्टी. मी मान वर केली. एक काळाभोर पक्षी बसला होता, शेपटी मधोमध चिरलेली. कोतवाल. नकला करण्यात पटाईत असतो, एवढं मलाही ऐकून माहीत होतं. इतके रविवार ऐकून ऐकून त्यानं शिट्टी उचलली होती.

मी हसतच सुटलो, इतका जीव भांड्यात पडला. वहिनी हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"पडका दातसुद्धा घेतलाय मेल्यानं," त्या म्हणाल्या.

कॉलनीत सांगितल्यावर सगळे एकमेकांची टर उडवून मोकळे झाले. झाडं वाचली. मला वाटलं, संपलं.

पण वहिनी रोज सकाळी रानात जायला लागल्या. कामावर उशीर व्हायला लागला. त्यांच्या हातून कधी नव्हे ती एक कवळी वाकडी गेली, म्हाताऱ्याचे वरचे दात खालच्यांवर बसेनात. दातांच्या डॉक्टरनं मलाच रस्त्यात गाठून विचारलं, बाईंचं काही बिनसलंय का? एका सकाळी मी त्यांना फाटकापाशी गाठलं.

"वहिनी, पक्षी आहे तो. तुम्हीच बघितलात."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "भूत असतं तर बरं झालं असतं, भाऊजी. भुताला काहीतरी सांगायचं असतं म्हणतात. ह्याला काहीच सांगायचं नाही. ह्याच्याकडे नुसता आवाज आहे त्यांचा. आणि मी मूर्खासारखी रोज ओ देते."

त्याच संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि ढापणीला आपल्याबरोबर पाठवा म्हणाल्या. माझी बायको उसळली. मुलगी आधीच अशी, आणि तिला तिथे न्यायचं? वहिनींनी तिला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अजून तिथेच बसवून ठेवलंय तिला त्यांनी. उठवायला नको का?"

ढापणी सगळं ऐकत होती. कुणी काही न सांगता ती उठली आणि आपले बूट दाराशी आणून ठेवले.

पहिल्या दिवशी पक्ष्यानं शिट्टी घातलीच नाही. मांजर झालं, ससाणा झाला, फाटक झालं. ढापणी आपल्या झाडाखाली बसून राहिली, वहिनी काकांच्या झाडाखाली, आणि मी उगाच इकडेतिकडे बघत उभा. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बसल्या बसल्या शिट्टी झाली.

ढापणीनं चष्मा सरळ करून वर बघितलं. "कोतवाल आहे, काकू."

"माहितीये."

"काका म्हणाले होते, तो नकला करतो."

"हो ना."

तिनं एकदा काकांच्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "मग ही चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडूनच शिकलाय ना तो."

ढापणी उठली. फ्रॉकला लागलेली माती झटकली. नियमाप्रमाणे आता काय ऐकलं ते सांगायचं होतं, आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आजचं नाही, त्या रविवारचं. वाळक्या पानाखाली काहीतरी खुसपुसत होतं. वॉचमनचा रेडिओ लागला होता आणि मग बंद झाला. कबुतरं एकदम उडाली. कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं आणि कुणीतरी हसू दाबलं. "मग काकांनी मोठ्ठा श्वास घेतला," ती म्हणाली, "काहीतरी जड उचलायच्या आधी घेतात ना, तसा. आणि मग त्यांचं काही ऐकू आलं नाही. मी खूप वेळ ऐकत होते."

मला मध्ये बोलायचं होतं, पण वहिनींनी हातानं थांबवलं.

"काही म्हणाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ढापणीचा हात धरला आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री माझ्या मुलीनं पोटभर जेवून, कुणी न सांगता, आपलं ताट उचललं.

रविवार पुन्हा सुरू झाले ते ढापणीच्या हट्टानं, आणि सांभाळायला मोठं माणूस हवं म्हणून वहिनी जाऊ लागल्या. त्यांना झाडांचं ओ की ठो कळत नव्हतं, सुरवंट दिसला की किंचाळायच्या. पोरंच त्यांना शिकवायची. पण एकदा पावसानंतरच्या चिखलात मुंगसाचा पाय उमटलेला दिसला, तेव्हा वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ह्याचा साचा घेता येईल की." पुढच्या खेपेला प्लास्टर आलं. दातांच्या डॉक्टरचा तो लांब दांड्याचा छोटा आरसाही आला. तो पानाखाली सरकवला की पान न तोडता मागची अंडी दिसतात, ढोलीत घातला की आतलं दिसतं. आता त्यांच्या खोलीतल्या फळीवर माणसांच्या तोंडांशेजारी मुंगसाचे, बगळ्याचे, रानमांजराचे पाय आहेत. तिथेच तो आरसाही असतो, आणि खोली बघायला आलेल्या नव्या पोरांना त्या सांगतात, की हात लावा, पण जपून.

कोतवालानं पुढच्या वर्षी शिट्टी घातली नाही. मेला, का विसरला, कोण सांगणार? वहिनी त्यानंतरही बरेच दिवस सकाळी जाऊन उभ्या राहायच्या.

गप्प बसण्याचा खेळ पोरं सारखी मागायची. वहिनींनी खूप दिवस टाळला, शेवटी हो म्हणाल्या. पण त्या स्वतः बसत नाहीत. झाडाझाडापाशी जाऊन प्रत्येक पोराच्या छातीकडे बघत फिरत राहतात. चपलांच्या आवाजानं काही ऐकू येत नाही, अशी पोरांची तक्रार असते. ढापणी आता कॉलेजात आहे, खेळ संपला की तीच टाळी वाजवते, आणि तिनं पोरांना सांगून ठेवलंय की काकूंना काही बोलायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरातून रानाचं फाटक दिसतं. दुपारी पोरांची रांग बाहेर येते, सगळ्यात मागे वहिनी. त्या पोरं मोजतात. आकडा बरोबर असतो, तो नेहमीच बरोबर असतो. तरी त्या तिथेच थांबतात, अजून कुणीतरी मागे राहिल्यासारख्या, आतल्या वाटेकडे बघत. वॉचमन कुलूप हातात घेऊन बाजूला उभा असतो. तो घाई करत नाही.