मामांची मोटार आणि माझी सोयरीक

आमच्या मामांना दिसत नसे, आणि ते मोटार चालवत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

मामा नांदेडला वकील होते. निजामाचं राज्य सरत आलं होतं, तिकडे विलायतेत लढाई चालू होती आणि इकडे मामांची जुनी मोटार चालू होती. घाबरणाऱ्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच असावी. मामांना लांबचं धूसर दिसे आणि जवळचं अंदाजानं. चष्मा लावा म्हटलं, की ते म्हणत, "चष्मा मुनीम लोकांनी लावावा. मी काय कापूस मोजून राहिलो का?" एकदा कचेरीत खुंटीवर टांगलेल्या शेरवानीला मुन्सफसाहेब समजून त्यांनी लवून आदाब केला, आणि शेरवानीनं तो घेतला नाही म्हणून खऱ्या मुन्सफांशी कित्येक महिने अबोला धरला!

मोटारीला पूर्वी ड्रायव्हर होता. पण मामा हौसेनं स्वतः चाक हातात घ्यायला लागले, तेव्हा तो फौजेत भरती झाला. लढाईवर त्याला जास्त सुरक्षित वाटत असावं.

तरीही मोटार चाले, आणि ती मामींमुळे चाले. त्या काळी बड्या लोकांत हैदराबादची नक्कल करायची चाल होती. म्हणून मामांनीही मोटारीत पुढच्या नि मागच्या बैठकीमध्ये जांभळा पडदा लावून घेतला होता. पडद्यामागे मामी बसत. पडद्याला एक फट होती. फटीतून मामींचा डोळा रस्त्यावर असे आणि हातपंख्याची लांब दांडी मामांच्या पाठीवर. डाव्या खांद्याला टोचलं की डावीकडे, उजव्याला टोचलं की उजवीकडे, आणि डोक्यावर बसली की थांबायचं. मामींनी उभ्या जन्मात नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता. (दांडीला आवाज नसतो.) या व्यवस्थेबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे. मामांच्या मते वळणं ते स्वतःच घेत. पंखा अधूनमधून 'चुकून लागे', इतकंच.

अशात माझ्या लग्नाचं निघालं. वडील लहानपणीच वारलेले, मला वाढवलं मामांनी, आणि मी नुकताच मास्तर झालो होतो. मुलगी लातूरची. मी तिला एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं, आणि त्या दिवशी भूक नसताना सारखा भात मागितला होता. यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

मुलीचे वडील तहसिलीत पेशकार, म्हणजे वरचे कारकून, होते; आता पेन्शनीत होते. जन्मभर लोकांच्या जबान्या ऐकून त्यांचा माणसावरचा विश्वास उडाला होता. त्यांच्या घरी वांगंसुद्धा उलटतपासणी झाल्याशिवाय चुलीवर चढत नसे. मध्यस्थानं त्यांचा निरोप आणला: "मुलगा बरा हाय. पण त्याच्या आजोळी डोळ्यांचा दोष हाय असं कानावर आलंय. आज मामा, उद्या भाचा, परवा नातवंडं. आम्ही पोरगी देणार न्हाई."

मामा खवळले. "कोण बोलतो हे? मी स्वतः मोटार हाकत लातूरला जातो! आंधळा माणूस मोटार चालवतो का?"

युक्तिवाद बिनतोड होता. कोर्टात त्यांचे युक्तिवाद एवढे बिनतोड कधी नसत.

निघालो. मामा अंगात शेरवानी नि डोक्याला दस्तार चढवून चाकाशी, शेजारी मी, मागे पडद्यात मामी. लोहा गावाच्या पुढे रस्त्यात काहीतरी काळं दिसलं.

"मामा, म्हैस!"

"दिसतीय मला," मामा म्हणाले. "बाई हाय. हॉर्न वाजवला की सरकंल."

दांडी दस्तारावर बसली. मोटार थांबली. म्हशीनं टपावर मान टेकवून आमची विचारपूस केली. मामांनी तिला "बाई, जरा बाजूला व्हा" असं अदबीनं सांगितलं, आणि ती झालीही! मामांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. (म्हणजे माझ्या पलीकडच्या बाभळीकडे.)

अहमदपूरच्या नाक्यावर शिपायानं अडवलं. पडद्याच्या फटीतून बाहेर आलेली दांडी पाहून त्याचे डोळे बारीक झाले.

"पर्दे में कौन है?"

"जनाना है," मामा रुबाबात म्हणाले.

"जनाने के हात में बंदूक कायकू?"

मामींनी लगेच दांडी आत ओढली आणि पंखा बाहेर काढून त्याला वारा घातला. शिपाई खूश झाला. पण जाताना त्यानं मामांकडे नीट निरखून पाहिलं, कारण मामांनी सलाम नाक्याच्या खांबाला केला होता.

लातूरला पोचेपर्यंत दस्तार इतक्यांदा ठेचली गेली होती, की ती डोक्यावर पोळीसारखी दिसत होती. पेशकारसाहेब दारात उभेच होते. त्यांनी आधी मोटारीभोवती फेरी मारली, मग माझ्याभोवती. त्यांच्या मागे त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. घराचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोणाला तरी म्हणाल्या, "ह्यो ड्रायव्हर की नवरदेव?"

चहा आला. पेशकारसाहेबांनी तपास सुरू केला.

"वकीलसाहेब, त्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हो? मला जरा कमी दिसतं."

हा सापळा होता. माझा चहा बशीत सांडला. मामांनी मात्र भिंतीकडे मानही वळवली नाही. "आमच्या खानदानात," ते म्हणाले, "पाहुण्यानं यजमानाचं घड्याळ बघणं बेअदबी समजतात."

मग पेशकारसाहेबांनी सुपारीचं तबक मुद्दाम बैठकीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. "घ्या की सुपारी."

"सोडली," मामा म्हणाले. (तोंडात सुपारी होती.)

संशय आता खोलीत पाहुण्यासारखा बसला होता. पेशकारसाहेबांनी उपरणं झटकलं. "मग असं करू. आम्हाला मोटारीतून एक चक्कर मारून आणा. गंजगोलाईपर्यंत. आज बाजार हाय, रस्ता भरलेला हाय. बघू तर खरं, कशी चालवता."

ज्यांनी गोलाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लातूरचा हा बाजार गोल आहे, आणि सगळीकडून त्याला रस्ते येऊन मिळतात. धड डोळ्यांचा माणूससुद्धा तिथं ज्या रस्त्यानं आत शिरतो त्या रस्त्यानं बाहेर पडेल याची खात्री नसते. मी मामांच्या कानात म्हणालो, "मामा, पोटात दुखतंय म्हणा."

"कुणाच्या?"

"कुणाच्याही!"

पण मामा चाकाशी बसलेसुद्धा. माझ्या जागेवर पेशकारसाहेब बसले. मागे मामींच्या शेजारी, पडद्याच्या आत, आक्का शिरल्या. मला जागा उरली ती बाजूच्या पायरीवर, दार धरून उभं राहण्याची. दाराशेजारच्या खिडकीच्या गजांआड कोणीतरी उभं होतं. मुलगीच असावी. तिनं मला पाहावं म्हणून मी छाती पुढे काढली, तेवढ्यात मोटार मागे गेली आणि कडब्याची गंजी माझ्या पाठीत घुसली.

गोलाईपर्यंत सगळं ठीक गेलं. दांडी चोख चालली होती, आणि पेशकारसाहेबांची नजर समोरच्या गर्दीवरच खिळली होती. पेशकारसाहेबांच्या चेहऱ्यावरचा संशय थोडा सैल व्हायला लागला होता. आम्ही गोलात शिरलो आणि मामींनी, वळत राहायचं म्हणून, डावा खांदा टोचायला सुरुवात केली. टोच, टोच, टोच.

आतून आक्कांचा आवाज आला. "आगं बाई! तू नवऱ्याला मारून राहिलीस का?"

"न्हाई हो, वारा घालतीय."

"असा वारा? दे इकडं तो पंखा!"

पडद्याआड ओढाताण सुरू झाली. आता दांडी कुठंही लागत होती. उजवा खांदा, डावा खांदा, कान, मधेच मान! मामा बिचारे इमानदार. प्रत्येक टोचणीचा मान राखत होते. मोटार डावीकडे जाई, उजवीकडे जाई, पुन्हा गोल फिरे. गुळाच्या ढेपांवर बसलेला व्यापारी आम्हाला पहिल्यांदा पाहून हसला, मग पुन्हा पाहून उठला, मग दिसेनासा झाला. कोंबड्या विकणारी बाई ओरडली, "आरं, ह्यो कुणीकडं चाललाय?" लोकांनी तागडी टाकून भिंती धरल्या.

"वकीलसाहेब, समोर बघा!" पेशकारसाहेब किंचाळले.

"बघूनच राहिलोय!"

"मग काय दिसतंय?"

मामांनी डोळे बारीक केले. "लाल जाजम अंथरलंय. कोणा बड्या आसामीचं स्वागत दिसतंय."

ते वाळल्या मिरच्यांचे ढीग होते. आपलंच स्वागत समजून मामांनी मोटार मोठ्या इतमामानं त्यांत घातली.

पुढचं मी ऐकूनच सांगू शकतो, कारण डोळे उघडत नव्हते. मोटारीतले शिंकत होते, बाजारातले शिंकत होते. मिरचीचा व्यापारी शिव्या देत होता, पण त्या कोणाला द्यायच्या ते त्यालाही दिसत नव्हतं. त्यानं बराच वेळ एका विजेच्या खांबाच्या आईबहिणीचा उद्धार केला. पेशकारसाहेब उपरण्यात तोंड घालून "पाणी, पाणी" करत होते. पडद्याआड मामी आणि आक्का, भांडण विसरून, एकमेकींच्या पदरानं डोळे पुसत होत्या.

अशा वेळी मोटार घरी कोणी न्यायची? सबंध गोलाईत एकच माणूस असा होता, ज्याला न दिसता मोटार चालवायचा सराव होता. मी चाचपडत पुन्हा पायरीवर चढलो. मामांनी दस्तार सावरली, कोणाच्याही मदतीशिवाय मोटार मागे घेतली, आणि हॉर्न दाबून धरून आम्हाला थेट पेशकारांच्या दारात आणून सोडलं. (वाटेत कोणाला लागलं नाही. सगळे आधीच पळून गेले होते.)

डोळे धुऊन बैठक पुन्हा भरली. आता पेशकारसाहेब तहसिलीतल्यासारखे ताठ बसले.

"वकीलसाहेब, आक्कानं डोळ्यांनी पाहिलंय. वहिनी तुम्हाला दांडीनं ढोसत होत्या. याचे दोनच अर्थ. एक तर तुम्हाला दिसत न्हाई, आणि त्या रस्ता दाखवतात. तसं असंल तर रामराम. दुसरं म्हणजे..." त्यांनी आवाज खाली आणला, "तुम्ही बायकोचा मार खाता. सच्ची बात बोला."

मामांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मी त्यांना कोर्टात हरताना पाहिलं होतं, पण मिशीवरून हात काढताना कधी पाहिलं नव्हतं. साऱ्या नांदेडात मिशीला तूप लावून फिरणारा माणूस तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी खरंच माझ्याकडे.

"दिसतं मला," ते म्हणाले. "सगळं स्वच्छ दिसतं. पण आमची ही... लई तापट हाय. मी डरतो हिला."

पडद्यासारखं धरलेल्या दाराआडून मामींचा आवाज आला. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं. "हाव. हाणते मी त्यांना."

पेशकारसाहेब उठले. "असल्या घरात..."

"बस खाली," आक्का म्हणाल्या. "मी जन्मभर वकील पाहिले. बायकोला डरणारा एकबी पाहिला न्हाई. पोरगी सुखात राहील तिथं. आण गं गूळ."

पेशकारसाहेब बसले. पोरगी दिली, तरी त्यांचा संशय काही गेला नाही. लग्नात अंतरपाटाआड त्यांनी माझ्यासमोर बोटं नाचवून पाहिली.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी मामांच्या डोळ्यांचं तुमच्या घरी कोणालाच कळलं नाही, नाही का?"

ती हसली. "कळलं नाही? बाबा सोडून अख्ख्या गल्लीला कळलं. बाबा मोटारीमागे फेरी मारत होते, तेवढ्यात मामांनी उतरून आमच्या बैलाला 'पेशकारसाहेब, आदाब' म्हटलं, तेव्हा मी खिडकीतच होते."

"मग तू हो कशी म्हणालीस?"

"मामांना दिसत नव्हतं, म्हणून ते मोटारीत बसले. बाबांना माहीत नव्हतं, म्हणून ते बसले. तुम्हाला डोळे धड, सगळं ठाऊक, तरी पायरीवर चढलात. मिरची खाऊन परत चढलात. मी आक्काला तेव्हाच सांगितलं, 'हा माणूस कुठंही उभा केला तर उभा राहतो. ठेवून घ्या.'"