तिसऱ्या प्रकरणातलं हसू

माझ्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण लोकांना सगळ्यात जास्त आवडतं. व्याख्यान संपलं की कुणीतरी पुढं येतो, माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, तो प्रेसवरचा माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. मी हसतो. या कामाची आता इतकी सवय झाली आहे की हसायला मनाची मदत लागत नाही.

लेखक व्हायचं माझ्या डोक्यात नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं यायचं, हजेरीची कार्डं तपासायची आणि गेटजवळच्या फळ्यावर खडूनं रोजचा सुविचार लिहायचा. अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. छापील सुविचार संपले तेव्हा मी घरचेच तयार करायला लागलो. कामावर प्रेम करा, काम तुमच्यावर करील, असलं काहीतरी. मला स्वतःला त्या टाइम ऑफिसात कधी आनंद झाल्याचं आठवत नाही. दुःखही नाही. पण मॅनेजरसाहेबांना माझे सुविचार भारी आवडले. ते म्हणाले, याचं पुस्तक करा, छपाईचं कंपनी बघेल.

पुस्तकाला जिवंत माणसं हवी होती. तिसऱ्या प्रकरणासाठी मी प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर निवडला. दौलताबादचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला नोकरदार. प्रेस शॉप म्हणजे दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायची जागा. पाच मिनिटं उभं राहिलं तरी दाढा ठणकायच्या. तिथं हा माणूस हसतमुखानं उभा. सुपरवायझर ओरडला तरी हसायचा, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी हसायचा, कुणी आईवरून शिवी दिली तरी तेच हसू. "उसकू कुछ भी बोलो, हसताच है," सुपरवायझर मला कौतुकानं म्हणाला होता. मी चार दिवस दुरून पाहिलं आणि लिहून काढलं, की या माणसानं आवाजाच्या पोटात शांतता शोधली आहे. त्याच्याशी बोलावं असं काही मला वाटलं नाही. प्रकरण त्याशिवायच छान जमलं होतं.

पुस्तक चाललं. कंपनीच्या वर्धापनदिनाला त्या ऑपरेटरचा सत्कार करा, हे मीच सुचवलं. सांगायला गेलो तेव्हा त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं, जोरजोरात मान हलवून नको म्हणाला आणि हसला. मी तो विनय समजलो.

स्टेजवर शाल झाली, नारळ झाला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्याच्या पाठीमागूनच माइकवर विचारलं, "तुमच्या आनंदाचं रहस्य काय?" तो समोर बघून हसत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुन्हा विचारलं, "तुम्हाला वाईट कधी वाटतच नाही का?" तो हसतच राहिला. टाळ्या विरल्या. तेव्हा दुसऱ्या रांगेतून त्याची बायको उठली आणि हातानं खुणा करायला लागली, मागं बघा, मागं. तो वळेपर्यंत पहिल्या रांगेतले कंपनीचे डॉक्टर खुर्चीत पुढं सरकून बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर ती मला शोधत आली.

"तुमीच का ते पुस्तक लिवणारे?"

"हो."

"ह्यान्ला ऐकू येत नाय, भाऊ. तीन वर्सं झाली. मशिनीनं गेले कान. कुणी बोललं की हसायचं, म्हंजे कुणाला कळत नाय, असं आमी दोघांनी ठरवलं व्हतं. कानाच्या तपासणीला डॉक्टरचं बोट बटनावर दाबलेलं दिसलं की हात वर करायचे. एवढ्या लोकांत तुमाला हेच सापडले व्हय?"

ती रडत नव्हती, चिडली होती. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. हातातला समोसा गार झाला.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला पाठमोरा बसवून तपासलं. अनफिट असा शेरा पडला. नोकरी गेली. त्याचं कार्ड रॅकमधून काढायचं काम माझंच, ते मी केलं. कान कशानं गेले हे कुठल्याच कागदावर आलं नाही. मला ठाऊक होतं, मी कुणाला सांगितलं नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, प्रकरण राहू द्या, लोकांना प्रेरणा मिळते. मी राहू दिलं. दुसरी आवृत्ती निघाली, तिसरी निघाली, मग नोकरी सोडून मी गावोगाव आनंदावर बोलत फिरायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी खुलताबादचं व्याख्यान आटोपून परत येत होतो. दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसल्या, म्हणून गाडी थांबवली. एका पाटीमागं ती दोघं बसली होती. तो थकला होता, पण ओळखायला उशीर लागला तो त्यामुळं नव्हे. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. एक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, तर त्यानं कपाळाला आठ्या घालून सरळ हातानं वाटेला लावलं.

"आता हसत नाहीत?" मी तिला विचारलं.

"कशाला हसतील? आता काय लपवायचंय?" तिनं मला ओळखलं होतं, राग मात्र निवला होता. "घरी तवाबी हसत नव्हते. दिवसभर हसून सांजच्याला जबडा लई दुखायचा. मी फडकं गरम करून शेकायची."

हे पुस्तकात नव्हतं.

त्यानं एक सीताफळ बोटांनी दाबून पाहिलं, ठेवलं, दुसरं उचललं, पिकलेलं, आणि माझ्यापुढं धरलं. घेताना मी हसलो. स्टेजवर हसतो तसंच. दुसरं मला येत नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, बराच वेळ. मग त्यानं हात स्वतःच्या गालाखाली जबड्यावर ठेवला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं विचारलं,

"दुखत नाय का?"

दुखतं, असं मी आवाज न काढता म्हणालो. त्याला कळलं.